पुठ्ठ्यानं वारा घालणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर "कशाला उगाच" म्हणून तुम्हीच रागवाल. सोलापूरच्या जुन्या वाचनालयात एप्रिलच्या भर दुपारी एक बाई आबासाहेबांच्या, म्हणजे सांगोल्याचे आमदार राहिलेल्या गणपतराव देशमुखांच्या, निवडणुका शोधत आली होती, ती मी.

आमचे आण्णा म्हणजे सांगोल्यातले शेकापचे, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे, भिंती रंगवणारे कार्यकर्ते. त्यांच्या पंचाहत्तरीला कपडे-घड्याळ देण्यापेक्षा गणपतराव देशमुखांच्या सगळ्या निवडणुका एका वहीत नीट लिहून द्यायच्या, एवढंच माझ्या डोक्यात होतं. सोपं वाटलं होतं. मोबाईलवर बघितलं तर कुणी म्हणतं सलग अकरा वेळा आमदार, कुणी म्हणतं पन्नास वर्षं, कुणी पंचावन्न. सांगोला म्हटलं की लोकांना आता "काय झाडी, काय डोंगार" आठवतं. ज्या माणसानं एकच पक्ष आणि एकच मतदारसंघ धरून उभं आयुष्य काढलं, त्याचा साधा हिशेब कुणाला धड लावता येऊ नये?

म्हणून कचेऱ्या पालथ्या घातल्या. एका ठिकाणी अर्ज मागितला, अर्ज दिला तर साहेब रजेवर. दुसऱ्या ठिकाणचा माणूस मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "ताई, नेटवर बघा की." एका ओळखीच्या पत्रकारानं कात्रणं देतो म्हणून तीन महिने झुलवलं. एकानं तर हसून विचारलं, "पुस्तकबिस्तक काढताय का? अनुदान मिळतंय वाटतं." तो शब्द घरी येईपर्यंत कानात होता.

तुम्ही एकच विचारलंत, "कुणासाठी पाहिजे?" मी म्हटलं, वडिलांसाठी. "मग बसा."

फायली तुम्ही स्वतः शिडीवर चढून काढल्यात. माझं पेन बाजूला ठेवायला लावून हातात पेन्सिल दिलीत. मार्च १९९५ची फाईल उघडली आणि वरच्या पंख्यानं पिवळ्या पानांचे कोपरे फडफडायला लागले. एक तुकडा उडालाच. तुम्ही उठून पंखा बंद केलात. सोलापूरचा एप्रिल, दुपारचे दोन! पाचच मिनिटांत माझा घाम वहीवर टपकायला लागला. तेव्हा तुम्ही एका रिकाम्या फाईलचा पुठ्ठा घेतलात आणि माझ्या मागं उभं राहून वारा घालायला लागलात. तोही असा हळू, की मला लागावा पण पान हलू नये. मी दोनदा नको म्हटलं. "लिहा तुम्ही, आकडा चुकंल," एवढंच बोललात. वय तुमचं माझ्या आण्णांच्या आसपासचं. काका, मी मान खाली घालून लिहीत होते ते फक्त आकडे उतरवायचे होते म्हणून नव्हे.

वही पूर्ण झाली. १९६२ आणि १९६७ जिंकले. १९७२ला पडले, १९७४च्या पोटनिवडणुकीत परत आले. मग ७८, ८०, ८५, ९०. १९९५ला पुन्हा हार. मग ९९, २००४, २००९, २०१४. मोजून अकरा विजय, पण सलग नाहीत. मधले दोन खाडे वगळून वर्षांची बेरीज केली तर दहा, एकवीस आणि वीस, म्हणजे एक्कावन्न भरतात. मंत्री दोनदाच झाले, १९७८ला शरद पवारांच्या आणि १९९९ला विलासरावांच्या मंत्रिमंडळात. ते मी एका ओळीत उरकलं. आण्णांना मंत्रिपदाचं कौतुक कधीच नव्हतं, एसटीनं फिरणाऱ्या आमदाराचं होतं. पराभव गाळावेत का, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "पडलेल्यासुद्धा लिहा, नाहीतर वडील म्हणतील अर्धीच वही आणली."

बरं झालं ऐकलं. आण्णांनी चष्मा लावून वही घेतली ती विजयांची पानं सोडून थेट ९५वर गेले. १९२ मतांनी पराभव. त्या आकड्यावर बोट ठेवून किती तरी वेळ गप्प बसले. मग जे सांगितलं ते आईलासुद्धा माहीत नव्हतं. त्या निवडणुकीच्या वेळी ते भोसरीला कंपनीत होते. सुट्टी उशिरा मिळाली, स्वारगेटला आले तर शेवटची गाडी गेलेली. मत राहिलं. "माझं धरलं असतं तर १९१नं पडले असते," म्हणाले. हसलेही. पण डोळे पुसले.

३० जुलै २०२१ला आबासाहेब गेले तेव्हा जो तो लिहीत होता, अशी माणसं आता राहिली नाहीत. मला त्या वाक्याचा तेव्हाही राग आला होता, आता जास्त येतो. राहिली नाहीत कशी? शिडीवर चढून फायली काढतायत की! त्यांना कुणी मतं देत नाही, त्यांचे फलक लागत नाहीत, आणि त्यांच्या टेबलापर्यंत जायच्या आधी चार टेबलांवरची माणसं आपल्याला हाकलून देतात, एवढंच.

तुमची पेन्सिल चुकून माझ्याबरोबर आली. आण्णांनी तिनंच १९२ खाली रेघ ओढलीय आणि आता ती वहीतच ठेवतात, मागितली तर देत नाहीत. पुढच्या महिन्यात परत करायला ते स्वतः येणार म्हणतायत. मी गाडी करू या म्हटलं, तर ऐकायला तयार नाहीत. सकाळच्या एसटीनं येतो आम्ही.

तुमची,
सांगोल्याची लेक