परंपरेला विद्यार्थी कुठून आणायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाडव्याच्या शोभायात्रेचे पानभर फोटो आपल्या अंकात पाहिले. मी नाक मुरडणाऱ्यांतली नाही. नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या पोरी मलाही आवडतात. पण त्याच पानावर एका पुढाऱ्यांचे 'परंपरेचा वारसा नव्या पिढीकडे गेला पाहिजे' हे वाक्य होते, आणि त्यावर चार शब्द लिहिल्याशिवाय राहवेना. वारसा म्हणजे नेमके काय, आणि तो द्यायचा कोणी?

माझी नोकरी संस्कृत शिकवण्यात गेली. मी स्वतःला परंपरावादी म्हणवते, आणि आजकाल हे म्हटले की लोक गृहीत धरतात की या बाईला वाचनाचे वावडे असणार. महाराष्ट्रात तरी हे उलटे होते. साताऱ्याहून तासाभरावर वाई आहे. तिथल्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, शिकवत. १९१७ साली गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन विनोबा त्यांच्याकडे उपनिषदे आणि शांकरभाष्य शिकायला आले. त्याच पाठशाळेचे लक्ष्मणशास्त्री जोशी. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते तेव्हा अस्पृश्यतेला शास्त्राधार नाही, हे लक्ष्मणशास्त्रींनी शास्त्रातूनच मांडले. १९३३ साली पुण्यात देवदास गांधी आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचा विवाह त्यांनीच लावला. वर वैश्य, वधू ब्राह्मण. प्रतिलोम, म्हणजे वधूचा वर्ण वरापेक्षा वरचा! जुन्या शास्त्र्यांच्या लेखी याहून वाईट काही नाही. ते धारिष्ट त्यांना झाले, कारण धर्मशास्त्र त्यांना त्या शास्त्र्यांहून अधिक येत होते.

पां. वा. काणे यांचेही तेच. मुंबई हायकोर्टात वकिली करता करता त्यांनी 'व्यवहारमयूख' हा धर्मशास्त्रातल्या कायद्याचा जुना ग्रंथ संपादित केला. त्याला जोडायची प्रस्तावना वाढत वाढत धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड झाले. पहिला १९३० साली आला, शेवटचा १९६२ साली. पुढच्याच वर्षी भारतरत्न. या माणसाच्या नावाचा चौक दाखवता येईल, पण त्यांचे पान उलटलेला पदवीधर दाखवा.

आमच्या भागातल्या एका वाचनालयाने मध्यंतरी जुनी पुस्तके निर्लेखनात, म्हणजे दप्तरातून बाद करून, काढली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधमाला मासिकाची जुनी बांधीव प्रत मला रद्दीवाल्याकडे किलोच्या भावाने मिळाली. आत 'बाद' असा जांभळा शिक्का, आणि शेवटच्या पानावरच्या तारखांच्या चिठ्ठीवर कितीतरी वर्षांत नोंद नाही. एक सांगते, चिपळूणकर मला डोक्यावर घ्यायचे नाहीत. जोतीराव फुल्यांवर त्यांनी जी टीका केली तिच्यात विद्वत्तेपेक्षा तुच्छताच जास्त आहे, आणि ती वाचताना आजही वाईट वाटते. पण हे कळायला तरी निबंधमाला कपाटात हवी ना!

आम्ही काही जण गुरुवारी संध्याकाळी एकत्र बसून वाचतो. आमची पद्धत पाठशाळेतलीच: आधी पूर्वपक्ष. ज्याचे म्हणणे खोडायचे त्याची बाजू अशी मांडायची की त्यानेच मान डोलवावी, मग उत्तरपक्ष. मध्यंतरी १८९१ चा संमतिवयाचा कायदा घेतला. मुलीच्या शरीरसंबंधाच्या संमतीचे दहाचे वय बारा करायचे एवढाच मुद्दा. पण टिळक विरोधात, आणि संस्कृत पंडित रामकृष्णपंत भांडारकर बाजूने, तेही स्मृतिवचनांच्या आधारे. टिळकांची बाजू मी मुद्दाम कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका मुलीला दिली. तिने तोंड वाकडे केले. पुढच्या गुरुवारी मात्र, परक्या सरकारला आमच्या घरात शिरू दिले तर ते पुन्हा बाहेर निघणार नाही, हा मुद्दा तिने असा तडफेने मांडला की सगळे गप्प. आणि लगेच तिनेच विचारले, "पण मग त्या दहा वर्षांच्या पोरीला काय सांगायचं, स्वराज्य येईपर्यंत थांब म्हणून?" वर्गातल्या एका निवृत्त तलाठी भाऊंना उत्तर सुचेना, मलाही नाही. त्या दिवशी वाचन तासभर लांबले.

टिळकांचे नाव घेऊन मिरवणारे आणि त्यांच्या नावाने बोटे मोडणारे, दोघांनाही या वर्गात बसायला मी बोलावले आहे. मिरवणारे अजून आलेले नाहीत.

आता मागणी. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या अ वर्गाच्या वाचनालयांना निर्लेखनाआधी बाद पुस्तकांची यादी महिनाभर फलकावर लावायची सक्ती करावी, म्हणजे ज्याला हवे त्याला हरकत घेता येईल. काण्यांच्या ग्रंथाचा मराठी सारांश राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलेला आहे. तो तालुक्याच्या प्रत्येक वाचनालयात असावा, आणि देवघेवीला असावा, संदर्भ विभागाच्या कुलुपात नव्हे. तिसरे, संस्कृत किंवा जुने मराठी गद्य शिकवू शकणारी निवृत्त मंडळी गावोगावी आहेत. त्यांना मानधन नको, संध्याकाळी दोन तास एक खोली आणि चालू पंखा पुरे. आमच्याकडे सध्या खोली आहे, पंखा नाही.

कळावे,
एक निवृत्त संस्कृत शिक्षिका, सातारा