तुझ्या कादंबरीतल्या फितुराला मारू नकोस

चि. लाडक्या लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी कादंबरी वाचून झाली. आधी सलग वाचली, मग मधली प्रकरणं पुन्हा काढून वाचली. फोनवर हे सगळं नीट बोलता येणार नाही, म्हणून लिहायला बसले.

जे मनात घर करून राहिलं ते आधी सांगते. शनीच्या एन्सेलॅडस या चंद्रापर्यंत जायचं आणि त्याच्या दक्षिण ध्रुवावरच्या भेगांतून उडणाऱ्या फवाऱ्यातलं पाणी घेऊन परत यायचं, ही मोहीम तू निवडलीस याचा मला फार आनंद झाला. कॅसिनी यानाला तो फवारा २००५ मध्ये सापडला आणि पुढे त्यातून जाताना मीठ आणि हायड्रोजनही टिपता आला. जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा गोळा आणि त्याच्या बर्फाखाली समुद्र! तिथे जायला माणसं जिवावर उदार का होतात, हे तुला वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

आणि तुझी ती इंजिनीअर! तिच्या हातमोज्याची शिवण उसवत चालली आहे. ती रोज त्यावरून बोट फिरवते आणि कुणालाच सांगत नाही, कारण सांगितलं तर तिला यानाबाहेरच्या कामावरून काढतील. प्रसंग अर्ध्या पानाचाच आहे, पण पुस्तकात पहिल्यांदा माझ्या पोटात गोळा आला तो तिथे. या यानात प्रत्येकजण काहीतरी दडवून आहे, हे तू एका शिवणीत सांगून टाकलंस.

म्हणूनच नवव्या प्रकरणात माझा विरस झाला. नॅव्हिगेटर एकाएकी शत्रूच्या यानाला फितूर होतो, तेही पैशासाठी. अगं, शनीच्या वाटेवर पैसा काय कामाचा? ज्यांचा तो केसाने गळा कापणार आहे, त्यांच्याच हवेत तोही श्वास घेतो. यान बुडालं तर तोही बुडणार. एवढा धोका पत्करायला त्याच्याकडे पैशापेक्षा खोल काहीतरी कारण हवं. मला विचारशील तर त्याला मनापासून वाटू दे, की कॅप्टन सगळ्यांना मरणाकडे घेऊन चालला आहे. वाचणाऱ्याला मध्येच कुठेतरी वाटलं पाहिजे, की याचंच बरोबर असेल.

दुसरं म्हणजे, तो एक बटण दाबतो आणि यान गर्रकन वळतं. तसं होत नाही. अवकाशात यान आपल्या वेगाने जातच राहतं, वळवायचं तर इंधन जाळावं लागतं. कॅसिनीला शनीभोवतीच्या कक्षेत शिरण्यापुरता वेग कमी करायला इंजिन दीड तासाहून जास्त वेळ चालवावं लागलं होतं, आणि तिथवर पोचायला जवळजवळ सात वर्षं. ही अडचण समजू नकोस, तुझ्या कथेची सगळ्यात मोठी ताकद इथेच आहे. हिशेब करून बघ: वेगात सेकंदाला फक्त एक मीटरचा फरक पाडला, तर वर्षभरात यान साधारण ३१,५०० किलोमीटर भरकटतं. म्हणजे दगा एका रात्रीत, कुणाच्या लक्षातही येणार नाही एवढ्या छोट्या धक्क्याने होतो आणि उघडकीला येतो महिन्यांनंतर. मधले सगळे महिने तो त्यांच्याबरोबर जेवतो, आजारी डॉक्टरच्या उशाशी बसतो, वाढदिवसाला गाणं म्हणतो. ते महिने तू लिहिलेच नाहीस. माझ्या मते खरी कादंबरी तिथे आहे.

यात एक पेच येईल, तोही तुझ्या फायद्याचा आहे. यानाच्या रेडिओ लहरींतल्या बदलावरून पृथ्वीवरची माणसं त्याचा वेग सेकंदाला मिलिमीटरपेक्षाही बारीक मोजतात. तेव्हा एवढा धक्काही त्यांच्या नजरेतून सुटणार नाही. मग नॅव्हिगेटरला आधी मोठा अँटेना बंद पाडावा लागेल. तो दुरुस्त करायला बाहेर कोण जाणार? तीच, उसवलेल्या हातमोज्याची. तिचं लपवणं आणि त्याचं लपवणं एकमेकांवर येऊन आदळू दे.

बाराव्या प्रकरणात कॅप्टन आणि पृथ्वी यांची प्रश्नोत्तरं झडतात, ती काढून टाक. शनीपासून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यायला सव्वादोन ते तीन तास लागतात. कॅप्टनला निर्णय एकट्याने घेऊ दे.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहिते आहे ते. चौदाव्या प्रकरणात फितूर पकडला जातो आणि कॅप्टन त्याला एअरलॉकमधून, म्हणजे यानाबाहेर पडायच्या दुहेरी दारांच्या खोलीतून, बाहेर अवकाशात ढकलतो. वाचताना क्षणभर बरं वाटतं, पण कथा तिथेच मरते. दर्यावर्दी मॅगेलनची मोहीम आठव. १५१९ मध्ये स्पेनहून पाच जहाजं आणि अडीचशेच्या आसपास माणसं निघाली. १५२० च्या एप्रिलमध्ये दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर सान हुलियानला तळ पडलेला असताना जहाजांवर बंड झालं. मॅगेलनने ते मोडून काढलं, म्होरक्यांना जबर शिक्षा दिल्या. पण चाळीसएक बंडखोरांना सुनावलेला मृत्युदंड मागे घ्यावा लागला, कारण एवढे हात गमावले तर जहाजं हाकणार कोण? त्याच वर्षी सामुद्रधुनीतून वाट शोधताना सगळ्यात मोठं जहाज त्याला सोडून स्पेनला परत गेलं, जाताना शिध्याचा मोठा साठा घेऊन. पुढच्या वर्षी मॅगेलन स्वतः फिलिपिन्समध्ये लढाईत मारला गेला. आणि १५२२ च्या सप्टेंबरमध्ये अठरा माणसांनिशी व्हिक्टोरिया जहाज पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून स्पेनला आलं, तेव्हा त्याचा कप्तान होता हुआन सेबास्तियन एल्कानो. सान हुलियानच्या बंडात सामील झालेला, माफी मिळालेला एल्कानो!

हे तुझ्या यानातही घडू शकतं, नाही का? परतीची वाट त्या माणसाशिवाय कुणालाच आखता येत नाही. कॅप्टनने त्याला मारलं तर सगळे मरतात, जिवंत ठेवलं तर रोज त्याच्या आकड्यांवर विश्वास टाकावा लागतो. ज्याने एकदा आकडे खोटे सांगितले, त्याचेच आकडे वाचून इंजिन सुरू करायचं! तिथे कॅप्टनचा हात किती वेळ थांबतो ते मला वाचायचं आहे. आणि शेवटी ते पाणी पृथ्वीवर नेमकं कुणाच्या हातून उतरावं, हे तूच ठरव. मला माझं एक उत्तर सुचलं आहे, पण तुझं लिहून होईपर्यंत ते सांगणार नाही.

भाषेत मी कुठेही हात घातलेला नाही, तुझी वाक्यं तुझीच राहू देत. शुद्धलेखनाच्या चुका समासात पेन्सिलने खुणावल्या आहेत. आधी ते मधले महिने लिही, चौदावं प्रकरण त्यानंतर. अभ्यासाच्या गडबडीत घाई करू नकोस, पण सोडूही नकोस. जेवढं होईल तेवढं पाठवत जा, मी वाट बघते आहे.

तुझी,
आई