दगडाची चव पेल्यात उतरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाइनविषयी मराठीत आता बरेच लिहिले जाऊ लागले आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु एखाद्या प्रदेशाच्या वाइनला तिची स्वतःची अशी चव का येते, हा प्रश्न आला की बहुतेक लेखन एकाच ठरावीक समजुतीपाशी येऊन थांबते. चुनखडीच्या जमिनीतल्या वाइनमध्ये चुनखडी लागते, पाटीच्या दगडावरच्या वाइनमध्ये पाटी लागते आणि ज्वालामुखीच्या राखेत वाढलेल्या द्राक्षांच्या वाइनला धुराचा वास येतो, अशी ती समजूत आहे. ती मोहक आहे, पण खरी नाही. तिच्यामुळे मातीचे खरे काम झाकले जाते आणि हवामानाचा हिशेब तर कुणी मांडतच नाही, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

द्राक्षवेलीची मुळे दगड शोषत नाहीत. पाण्यात विरघळलेले पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट यांसारखे घटक ती घेतात आणि हे घटक कोणत्याही सुपीक किंवा नापीक जमिनीत कमीअधिक प्रमाणात असतातच. खडक ज्या खनिजांचे बनलेले असतात ती बहुतेक पाण्यात विरघळत नाहीत, त्यांना चव नसते, आणि वाइनमध्ये जे खनिज घटक उतरतात त्यांचे प्रमाण सहसा जिभेला कळण्याइतके नसते. वेल्समधील ॲबरिस्टविथ विद्यापीठाचे भूगर्भशास्त्रज्ञ ॲलेक्स माल्टमन यांनी हे वर्षानुवर्षे मांडले आहे. भिजल्या दगडाचा वास म्हणून ज्याचे वर्णन केले जाते, तोही दगडाचा नसतो. पहिल्या पावसानंतरच्या मृद्गंधाचा अभ्यास करून १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी दाखवले की कोरड्या दिवसांत दगडमातीवर साचलेली वनस्पतिजन्य तेले त्या वासाच्या मुळाशी असतात. मातीच्या रसायनाला काहीच किंमत नाही, असे मात्र मला म्हणायचे नाही. नत्र फार झाले की वेल पानांच्या मागे लागते, फार कमी पडले की रस आंबवताना यीस्ट अडखळते, आणि पोटॅशियम जास्त झाले तर रसाचा आंबटपणा सैल पडतो. पण हे परिणाम अन्नद्रव्यांचे आहेत. खडकाच्या चवीशी त्यांचा संबंध नाही.

मग माती काय करते? याचे सर्वांत नेमके उत्तर फ्रान्समधील बोर्दो या वाइन-प्रदेशात मिळाले. तेथील संशोधक जेरार सेगाँ यांनी बोर्दोच्याच मेदॉक या भागातल्या नामांकित द्राक्षमळ्यांच्या मातींचा अभ्यास केला, तेव्हा त्या मातींच्या रासायनिक घडणीत आणि वाइनच्या दर्जात त्यांना काही नाते सापडले नाही. सापडले ते पाण्याचे नाते. चांगल्या मळ्यांच्या जमिनी एकमेकींपासून कितीही वेगळ्या असल्या तरी जोराचा पाऊस झाला की त्या जादा पाणी लवकर सोडून देत आणि पाऊस थांबला की खोलवर राखलेला ओलावा मुळांना थोडाथोडा पुरवत. मराठीत वाफसा हा शब्द आहे. पाणी आणि हवा दोन्ही मुळांना हव्या त्या प्रमाणात मिळतील, अशी जमिनीची स्थिती तो एका शब्दात सांगतो. उत्तम द्राक्षमळ्याची जमीन म्हणजे वाफसा लवकर येणारी आणि तो फार काळ टिकवणारी जमीन, असे म्हटले तर सेगाँ यांचे म्हणणे जवळजवळ पूर्ण सांगून होते.

हे पाणी महत्त्वाचे का, हे वेलीच्या अंगाने पाहिले पाहिजे. मण्यात पाणी उतरण्याच्या, म्हणजे मणी मऊ होऊन पिकू लागण्याच्या सुमारास जमिनीत पाण्याची थोडीशी ओढ जाणवली तर शेंडे वाढायचे थांबतात आणि वेलीने तयार केलेली साखर घडाकडे वळते. मणी लहान राहतो, त्यामुळे रसाच्या मानाने सालीचे प्रमाण वाढते. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येत असल्याने अशी वाइन गडद आणि भरीव होते. ओढ फार बसली तर मात्र पाने गळतात आणि पिकणेच थांबते. बोर्दोतील मेदॉकच्या बाजूला नदीने आणून टाकलेल्या गोट्यांचे आणि खड्यांचे थर आहेत. ते लवकर निथळतात आणि लवकर तापतात, म्हणून तेथे उशिरा पिकणारे कॅबर्ने सॉव्हिन्यों हे वाण पूर्ण पिकते. नदीपलीकडे पॉमरॉलची चिकणमाती थंड राहते. कॅबर्ने तेथे वेळेत पिकेल याची खात्री नसते, पण लवकर पिकणारे मर्लो उत्तम साधते. हवामान तेच, अंतर थोडेसे, तरीही वाण बदलले आणि वाइनचा स्वभाव बदलला. त्याच भागात कॉर्नेलिस फान लेउवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वाण तीन प्रकारच्या मातींत १९९६ ते २००० अशी पाच वर्षे तपासले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हवामान आणि माती यांचा परिणाम वाणापेक्षाही मोठा दिसला, आणि तो मुख्यत्वे वेलीला मिळणाऱ्या पाण्याच्या वाटेने होत होता.

स्पेनमधील हेरेथ येथील पांढरी, चुन्याची अल्बारिसा माती याच कारणासाठी मला फार मोलाची वाटते. तेथे वर्षाचा पाऊस साधारण ६०० मिलिमीटर पडतो, पण बहुतेक शरद आणि हिवाळ्यात. उन्हाळा जवळपास कोरडा जातो. ही माती हिवाळ्यातले पाणी स्पंजासारखे पिऊन घेते आणि उन्हाळ्यात तिच्या वरच्या थराचा पापुद्रा बनून बाष्पीभवन रोखतो. शेतकरी काढणीनंतर वेलींच्या ओळींमधून आडवे खड्डे काढतात, ते पावसाचा थेंब उतारावरून वाहून जाऊ नये म्हणून. फ्रान्समधील शँपेन प्रदेशातला खडूसारखा खडकही घनमीटरला ३०० ते ४०० लिटर पाणी धरून ठेवू शकतो. या दोन्ही ठिकाणी चुना आहे, परंतु शँपेन आणि हेरेथची शेरी या वाइनांच्या चवीत साम्य शोधायला गेले तर हाती काही लागत नाही. चुन्याची चव वाइनमध्ये उतरत असती तर हे शक्य झाले नसते.

फरक पडतो तो हवामानामुळे. मण्यातले मॅलिक आम्ल उष्णतेत झपाट्याने खर्ची पडते, म्हणून गरम प्रदेशातली वाइन गोलसर व मवाळ लागते आणि थंड प्रदेशातली धारदार. सॉव्हिन्यों ब्लाँ या वाणाच्या वाइनला येणारा हिरव्या गवताचा वास ज्या संयुगांमुळे येतो ती थंड हवेत टिकतात, ऊन आणि उष्णता मिळाली की कमी होतात. शिराझ या वाणाच्या वाइनमधला मिरीचा वास रोटुंडोन या संयुगाचा आहे, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले. तोही थंड जागी अधिक असतो. ही मिरी वर्षानुवर्षे मातीच्या खात्यावर जमा होत होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अमेरिन आणि विंकलर यांनी १९४४ मध्ये वाढीच्या हंगामातल्या दर दिवसाची १० अंश सेल्सियसवरची उष्णता मोजून, तिची बेरीज करून प्रदेशांचे पाच वर्ग पाडले, तेव्हापासून कोणते वाण कोठे पिकेल याचा अंदाज आकड्यांत मांडता येऊ लागला. ही बेरीज उपयोगी असली तरी ती रात्रीचे तापमान स्वतंत्रपणे सांगत नाही, ही तिची मोठी उणीव आहे. अर्जेंटिनातल्या मेंडोझात मळे समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास आणि त्याहूनही उंच आहेत. पाऊस वर्षाला २०० मिलिमीटरच्या घरात असल्याने वेली अँडीजच्या बर्फाच्या पाण्यावर जगतात. दिवसा कडक उन्हात साखर तयार होते आणि रात्रीच्या गारव्यात आम्ल व रंग टिकून राहतात. माल्बेक हे वाण मूळचे फ्रान्सचे, पण त्याची आजची ओळख या रात्रींनी घडवली.

माती आणि हवामान यांची अशी वेगवेगळी मांडणी सोयीसाठी केली खरी. मळ्यात मात्र ती दोन राहत नाहीत. याचे सर्वोत्तम उदाहरण फ्रान्सच्या बर्गंडी प्रदेशातील कोत दोर ही पूर्वेकडे उतरणारी टेकड्यांची रांग आहे. लाल वाइनसाठी तेथे पिनो न्वार हे जवळजवळ एकच वाण असल्याने चवीतल्या फरकाचे श्रेय वाणाला देता येत नाही. उताराच्या पायथ्याशी माती खोल आणि जड असते, थंड हवा तेथे साचून वसंतात दव गोठते. माथ्यावर माती पातळ आणि वारा फार. मधल्या पट्ट्यात चुनखडीवर चिकणमातीचा बेताचा थर, चांगला निचरा आणि सकाळपासूनचे ऊन असे सगळे एकत्र येते, आणि ग्राँ क्रू, म्हणजे सर्वोच्च दर्जाचे, म्हणून मान्यता पावलेले मळे बहुतांशी त्याच पट्ट्यात आहेत. मध्ययुगात सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी या जमिनी पिढ्यान्पिढ्या कसून, चाखून, वेगळ्या राखून त्यांचे तुकडे ओळखले. त्या तुकड्यांना तेथे क्लिमा म्हणतात, म्हणजे जमिनीच्या तुकड्याला त्यांनी हवामानाचा शब्द दिला आहे! असे १,२४७ तुकडे २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात नोंदले गेले. जर्मनीतील मोझेल नदीच्या उभ्या चढणींवर पाटीचा काळा दगड दिवसाची उष्णता साठवतो आणि उतारामुळे उत्तरेकडच्या प्रदेशातले तिरपे ऊन वेलीला सरळ मिळते, म्हणून ५० अक्षांशाच्या आसपास रिझलिंग हे वाण पिकते. पावसाने वाहून गेलेले पाटीचे तुकडे शेतकरी पुन्हा वर नेऊन टाकत आले आहेत. ते नेतात ते ऊब आणि निचरा यांसाठी. गोड वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या बोर्दोच्या सोतेर्न भागात तर एका लहान नदीवर सारे अवलंबून आहे. थंड पाण्याची ही सिराँ नदी गारॉन नदीच्या उबदार पाण्याला मिळते, शरदात सकाळी धुके उठते, दुपारी ऊन पडते, आणि या चक्रात बॉट्रिटिस बुरशी मण्यांना कुजवण्याऐवजी आटवते. ती गोड वाइन त्या धुक्याशिवाय होत नाही.

मुळांतून मातीची चव वर चढते असे मानणाऱ्यांनी एका ऐतिहासिक गोष्टीचा विचार करावा. १८६० च्या दशकापासून फिलॉक्सेरा या मुळांवर हल्ला करणाऱ्या कीटकाने युरोपातील मळे उद्ध्वस्त केले आणि उपाय म्हणून युरोपीय वेलीचे कलम अमेरिकी खुंटावर बांधणे सुरू झाले. चुनखडीच्या जमिनीत हे खुंट लोह घेऊ शकेनात, पाने पिवळी पडू लागली, म्हणून १८८७ मध्ये फ्रेंच सरकारने द्राक्षतज्ज्ञ पिएर व्हियाला यांना अमेरिकेत पाठवले आणि चुना सोसणाऱ्या जाती त्यांना टेक्सासमध्ये मिळाल्या. आज युरोपातील बहुतेक नामांकित मळ्यांची मुळे अमेरिकी वंशाची आहेत. तरीही बर्गंडी बर्गंडीच राहिली आणि मोझेल मोझेलच, कारण तिथला उतार, निचरा आणि ऊन बदलले नव्हते.

माणसाचा हात यात मोठा आहे, हा आक्षेप मी मनापासून मान्य करतो. मेदॉकच्या दलदली सतराव्या शतकात डच अभियंत्यांनी चर खणून कोरड्या केल्या नसत्या तर तेथील गोट्यांच्या टेकाडांचा गुण कदाचित कुणाला कळलाच नसता. पण त्या अभियंत्यांनी बदलले तेही पाणीच.

या साऱ्याची आज तातडी आहे ती हवामानबदलामुळे. प्रदेशाची ओळख दगडाच्या चवीत असती तर तापमान कितीही वाढले तरी ती सुरक्षित राहिली असती. बर्गंडीतील बोन या गावाच्या द्राक्षकाढणीच्या तारखांची १३५४ ते २०१८ पर्यंतची मालिका संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. १९८८ पासून तेथे काढणी पूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे १३ दिवस आधी होत आहे. दक्षिण इंग्लंडमध्ये शँपेनसारखाच खडूचा खडक कोट्यवधी वर्षांपासून आहे, पण फसफसत्या वाइनची द्राक्षे तेथे भरवशाने पिकू लागली ती गेल्या काही दशकांत, आणि २०१५ मध्ये शँपेनमधल्या एका प्रसिद्ध घराण्याने केंटमध्ये जमीन घेतली. बोर्दोने २०२१ मध्ये सहा नव्या वाणांना मर्यादित प्रमाणात परवानगी दिली. त्यात पोर्तुगालच्या उष्ण दोरू खोऱ्यासाठी ओळखले जाणारे तुरिगा नासिओनाल हेही आहे. बोर्दोचे गोटे आणि चिकणमाती जागच्या जागी आहेत, पण त्यांच्या पाण्याचा आणि उन्हाचा जुना मेळ सुटत चालला आहे.

म्हणून आपणास विनंती अशी की वाइनच्या प्रदेशांवर यापुढे लेख छापताना खडकाच्या नावाबरोबर तो खडक किती पाणी धरतो, उताराचे तोंड कोणत्या दिशेला आहे, पिकण्याच्या महिन्यांत रात्री किती गार असतात आणि काढणीची तारीख गेल्या वीस-तीस वर्षांत किती सरकली, एवढी माहिती लेखकांकडून जरूर मागवावी. यातल्या बऱ्याच गोष्टींच्या नोंदी त्या त्या प्रदेशात ठेवल्या जातात, आणि वाचकाला पेल्यातली चव समजून घ्यायला त्यांचाच उपयोग होतो.

आपला,
एक नियमित वाचक