नोव्हेंबरात एक खुर्ची जास्त मांडा : माजी सैनिक कल्याण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
माजी सैनिक कल्याण, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तलाठ्यांकडून नवा सातबारा मिळाला. वारसनोंद झाली, आईचं आणि आम्हा भावंडांचं नाव चढलं, वडिलांच्या नावाला कंस झाला. त्याआधीच त्यांची पेन्शन बंद होऊन आईला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं होतं. सरकारदरबारी अण्णांची दोन खाती होती, एक शेतकऱ्याचं आणि एक फौजीचं. दोन्ही रीतसर मिटली. (एका बँकेने त्यानंतरही त्यांचा हयातीचा दाखला मागितला, पण ते जाऊ द्या.) हे पत्र तक्रारीचं नाही. दोन्ही खाती मिटल्यावर माणूस कुठे उरतो, एवढंच विचारायचं आहे.

अण्णा पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीत, म्हणजे जंगी पलटणीत होते. डिसेंबर १९७१ च्या युद्धात ही पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून, आज बांगलादेशात असलेल्या जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसली. आपले ब्रिगेडियर क्लेर यांनी शहरातल्या पाकिस्तानी पलटणीला शरण येण्याची चिठ्ठी धाडली. उलट टपाली जी चिठ्ठी आली तिच्यात बंदुकीची गोळी गुंडाळलेली होती. १० डिसेंबरच्या रात्री हीच मंडळी टांगाइलकडे निसटायला निघाली आणि मराठ्यांच्या मोर्चांवर आदळली. हा सगळा इतिहास छापून आलेला आहे, दोन्ही पत्रांसकट. त्या रात्री मोर्चात बसलेल्या विशीतल्या पोराने काय पाहिलं, ते मात्र कुठे सापडत नाही. आम्ही विचारलं नाही असं नव्हे. विचारलं की म्हणायचे, "थंडी लई होती." आणि उठून गोठ्याकडे जायचे.

एकदाच थोडं जास्त बोलले. रात्रीच्या लाइटीचा आठवडा होता, उसाला पाणी द्यायचं होतं. मी दहावीत असेन, हट्टाने त्यांच्याबरोबर गेले. दारं धरताना त्यांनी बॅटरीच्या काचेवर बोटं ठेवलेली, मधल्या फटीतून उजेडाची एक चिरी तेवढी सरीत पडायची. मी म्हटलं, "अण्णा, बोटं काढा की, दिसत नाही." तर म्हणाले, "आपल्याला दिसतं तसं समोरच्यालापण दिसतं." समोर कोण होतं? शेजाऱ्याचा बांध आणि त्यापलीकडे ओढा. पंधरा वर्षं पलटणीत काढून घरी आलेला माणूस पुढे चाळीस वर्षं स्वतःच्या उसात असा वावरला.

त्यांची एक वही आहे. त्यात "०२१५ मोटर चालू. ०४४० लाइट गेली. दोन सऱ्या राहिल्या." अशा नोंदी. तारीख, वार, पाऊस, खताची पोती, गाय कधी व्याली, सगळं चोवीस तासांच्या घड्याळात. भावना म्हणाल तर एकच, एका दुष्काळी उन्हाळ्यात लिहिलेली : "विहीर कोरडी. बैल विकले. जेवलो नाही." त्यानंतर चार दिवस पानं कोरी आहेत.

आपल्याकडे आठवण ठेवतात ती कामी आलेल्यांची. ठेवलीच पाहिजे, त्यांच्या मानाला धक्का लावून मला काही नको. आमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंग्याला पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. इंग्रजांनी गावोगावी ज्या शिळा बसवल्या, त्यांवर गावातून किती गेले आणि त्यांतले किती मेले, असे दोन आकडे असत. जे परत आले त्यांचा हिशेब वजाबाकी करून काढायचा. शंभर वर्षं झाली, अजून आपण वजाबाकीवरच आहोत.

माझी मागणी छोटी आहे. दर नोव्हेंबरात पेन्शनर हयातीच्या दाखल्यासाठी रांगेत उभे असतात. आता बरेच जण मोबाइलवर चेहरा दाखवून मोकळे होतात, पण जुनी मंडळी अजून स्वतः येतात, थोडी दाखल्यासाठी आणि बरीचशी एकमेकांना भेटायला. तिथे आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्या महिन्यात एक खुर्ची जास्त मांडा. समोर इतिहास शिकणारं एखादं कॉलेजचं पोरगं बसवा, हातात साधा मोबाइल द्या. रेकॉर्डिंग पुण्याच्या सैनिक कल्याण विभागात जमा होऊ द्या आणि एक प्रत घरच्यांना द्या. १९७१ ला जे विशीत होते ते आज सत्तरी ओलांडून पुढे गेलेत. समिती, अहवाल, मग निविदा, असं करत बसलो तर रांगेत कोणी उरणार नाही.

आणि एक विनंती. त्या पोराला सांगा, सुरुवात लढाईपासून करू नकोस. "तुम्ही काय पराक्रम केला?" म्हटलं की ही माणसं गप्प होतात. विहीर किती फूट आहे ते विचार, पहिली बैलजोडी कुठून आणली ते विचार, रात्री पाणी कसं देता ते विचार. मग बोलतील. मला ही अक्कल उशिरा आली.

अण्णांची वही माझ्याकडे आहे. आपल्या कार्यालयाने मागितली तर झेरॉक्स स्वतः आणून देईन. मूळ प्रत देणार नाही.

आपली,
एका माजी सैनिकाची मुलगी