प्रशिक्षण केसपेपरच्या खिडकीपर्यंत पोहोचावे

मा. संपादक,
स. न.

लैंगिक अत्याचाराची घटना उघडकीस आली की आपल्याकडे पोलीस तपास, आरोपीची अटक आणि न्यायालयातील तारखा यांवर बरेच बोलले जाते. परंतु ती स्त्री किंवा ते मूल रुग्णालयात आले तेव्हा त्यांच्याशी कोण, कुठे आणि कोणत्या शब्दांत बोलले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. नाशिक जिल्ह्यात तीस वर्षांहून अधिक काळ परिचारिका म्हणून काम केल्यावर याविषयी आणि त्यासाठी कर्मचाऱ्यांना लागणाऱ्या प्रशिक्षणाविषयी लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते.

पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या रात्रपाळीत एक तरुणी आईबरोबर अपघात विभागात आली. ओळख पटेल असा कोणताही तपशील मी येथे देत नाही. केसपेपरच्या खिडकीवर ‘काय होतंय?’ असे विचारल्यावर आईने हळू आवाजात सांगितले. ते ऐकू न आल्याने पुन्हा विचारले गेले, आणि तिसऱ्या वेळी तिला ते मागच्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगावे लागले. त्यानंतर त्या दोघी माझ्यासमोर आल्या तेव्हा मी म्हणाले, ‘‘आधी पोलिसांचं पत्र घेऊन या.’’ तेव्हाची रीतच तशी होती आणि याहून वेगळे काही मला कोणी शिकवलेले नव्हते. त्या गेल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. ते वाक्य मी आजवर विसरू शकलेले नाही.

आज तसे म्हणणे बेकायदा आहे. २०१३ च्या कायदा दुरुस्तीने सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयावर पीडितेला तत्काळ आणि विनामूल्य उपचार देण्याचे बंधन आले. आता तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये असून, उपचार नाकारल्यास रुग्णालयाच्या प्रमुखाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० नुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पोलिसांना कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची आहे. त्यांच्या पत्रासाठी उपचार अडवता येत नाहीत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये तपासणी, संमती आणि नोंदींविषयी सविस्तर मार्गदर्शक सूचनाही दिल्या. परंतु शासकीय कागद आणि रात्री दोन वाजता कामावर असलेला माणूस यांच्यामध्ये बरेच अंतर असते, आणि ते प्रशिक्षणानेच कमी होऊ शकते.

या कामात वेळेला फार महत्त्व आहे. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके चांगले, सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भधारणा टाळणारी तातडीची गोळी पाच दिवसांपर्यंत देता येत असली तरी प्रत्येक दिवसागणिक तिचा उपयोग कमी होत जातो. कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधले तर ओलाव्याने पुरावा खराब होतो, म्हणून ते वाळवून कागदी पाकिटात ठेवायचे असतात. सुरगाणा किंवा पेठच्या एखाद्या पाड्यावरून निघालेल्या मुलीचे निम्मे तास वाटेतच संपलेले असतात. तिथे पहिली भेट आशाताईंची किंवा उपकेंद्रातील सिस्टरची होते, आणि घरात कोकणा किंवा वारली बोलणाऱ्या मुलीला आपल्या शहरी मराठीतले प्रश्न नीट कळतीलच असे नाही. दुभाषी म्हणून कोणाला बसवायचे आणि कोणाला खोलीबाहेर ठेवायचे, हेसुद्धा शिकवण्याचा विषय आहे.

डॉक्टरांच्या बाबतीत तर जुने शिकलेले विसरायला लावणे हेच मोठे काम आहे. दोन बोटांची चाचणी, म्हणजे योनीत बोटे घालून स्त्रीला लैंगिक संबंधांची सवय आहे का हे ठरवण्याची अशास्त्रीय तपासणी, करणाऱ्यास गैरवर्तणुकीसाठी दोषी धरले जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पष्ट सांगितले, आणि वैद्यकीय अभ्यासक्रम तपासण्याचे व डॉक्टरांसाठी कार्यशाळा घेण्याचे निर्देशही दिले. अंगावर जखमा नाहीत म्हणजे संमती होती, असा निष्कर्ष काढता येत नाही. बलात्कार झाला की नाही हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. डॉक्टरांनी तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत आणि तपासणीत जे दिसले ते तसेच लिहावे.

जागतिक आरोग्य संघटनेने पहिल्या आधारासाठी सुचवलेली रीत अवघड नाही: मध्ये न तोडता ऐकावे, तिला आत्ता काय हवे ते विचारावे, तिच्यावर विश्वास असल्याचे कळू द्यावे, घरी परतणे सुरक्षित आहे का ते पाहावे आणि पुढील मदतीशी तिला जोडून द्यावे. मात्र ही गोष्ट पडद्यावर चार ओळी दाखवून अंगवळणी पडत नाही. आम्ही शिरेत सुई टोचायला जशा वरिष्ठांच्या नजरेखाली पुन्हा पुन्हा करून शिकलो, तसेच हे बोलणेही करून पाहूनच येते. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात दोन दशकांहून अधिक काळापूर्वी हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रियांच्या मदतीसाठी सुरू झालेल्या ‘दिलासा’ केंद्राने रुग्णालयातील कर्मचाऱ्यांमधूनच प्रशिक्षक तयार केले. मला तो मार्ग सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण सहकाऱ्याने सांगितलेले सहकारी लक्षात ठेवतो.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे. राज्यभरातील वैद्यकीय, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि परिचर्या महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. कौमार्याच्या तथाकथित खुणांचा भाग एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून काढण्याचा निर्णय याच विद्यापीठाने २०१९ मध्ये घेतला होता. तेव्हा पुढचे पाऊलही येथूनच पडावे: या विषयाला प्रात्यक्षिक परीक्षेत स्वतंत्र गुण असावेत. गुण नसलेला विषय विद्यार्थी वाचत नाहीत, हे मी इतकी वर्षे वॉर्डात पाहिले आहे.

महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या रुग्णालयांना माझी विनंती आहे की प्रशिक्षणाला फक्त डॉक्टरांना पाठवू नये. केसपेपर काढणारे कर्मचारी, सुरक्षारक्षक, वॉर्डातील मावशी आणि रात्रपाळीच्या सर्व परिचारिका त्यात असाव्यात, आणि माणसे बदलत राहतात म्हणून ते दरवर्षी व्हावे. अशी स्त्री आली की खिडकीवर कारण न विचारता तिला थेट सिस्टरकडे, दार बंद होणाऱ्या खोलीत न्यावे, एवढी सूचना तर उद्यापासून अमलात येऊ शकते.

अशा वर्गांसाठी कोणी बोलावल्यास मी स्वखर्चाने येईन, आणि त्या रात्री मी काय म्हणाले होते ते सर्वांना सांगून शिकवायला सुरुवात करीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, नाशिकरोड
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)