बँकेच्या साइटसाठी अख्खा व्हीपीएन कशाला बंद करायचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

व्हीपीएन (आपलं इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमधून गुप्तपणे फिरवणारी सोय) चालू असला की कधीकधी बँकेची साइट उघडतच नाही, मग लोक वैतागून अख्खा व्हीपीएन बंद करतात आणि परत चालू करायचं राहूनच जातं. बऱ्याच व्हीपीएनमध्ये स्प्लिट टनेलिंगची सेटिंग असते, त्यात ठरावीक ॲप टनेलच्या, म्हणजे व्हीपीएनच्या गुप्त वाटेच्या, बाहेर काढता येतं. ते सोपंय. साइटचं जरा किचकट, कारण राउटिंग टेबलला (कुठला डेटा कुठल्या वाटेने जायचा याची यंत्रातली यादी) साइटचं नाव कळत नाही, फक्त आयपी ॲड्रेस, म्हणजे सर्व्हरचा आकडी पत्ता, कळतो. त्या एका आयपीसाठी /३२ चा (म्हणजे फक्त त्याच एका पत्त्याचा) रूट आपल्या राउटरकडे टाकला की तो व्हीपीएनच्या ०.०.०.०/० ला (म्हणजे सगळ्या पत्त्यांसाठीच्या रूटला) भारी पडतो, जास्त नेमका रूट जिंकतो म्हणून. पण मोठ्या साइट सीडीएनवर (अनेक साइट एकत्र सांभाळणाऱ्या, जागोजागी पसरलेल्या सर्व्हरवर) असतात, आयपी बदलत राहतात, आज चाललेला रूट उद्या फुकट, वर त्याच आयपीवरच्या दुसऱ्या साइटही गुपचूप बाहेर पडतात. त्यापेक्षा व्हीपीएनचं ब्राउझर एक्स्टेंशन बरं, ते डोमेन, म्हणजे साइटचं नाव, बघून ठरवू शकतं. आणि हो, बाहेर काढलेल्या साइटला तुमचा खरा आयपी दिसणारच, तेव्हा यादी छोटीच ठेवा. इतकी कामाची सेटिंग ही व्हीपीएनवाली मंडळी मेनूच्या तळाशी का पुरून ठेवतात देव जाणे.

– एक वाचक