टॉवेलचा हिशेब वर्गात यायला हवा

मा. संपादक,

एमबीए प्रवेशाचे दिवस आले की सोलापुरात अहमदाबादच्या आयआयएमचे नाव पॅकेजच्या आकड्यासह निघते. ती संस्था उभी कशी राहिली, हे मात्र जुनी मिल पाहिलेल्या या शहराने नीट समजून घ्यायला हवे. १९६१ साली ती स्थापन झाली, तेव्हा केंद्र आणि राज्य सरकारबरोबर तिथले गिरणीमालकही पुढे होते. विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई यांनी पुढाकार घेतला. कापड गिरण्यांसाठी 'अतिरा' ही संशोधन संस्था त्याच शहरात १९४७ पासून होती. म्हणजे धंद्याचे प्रश्न अभ्यासायची सवय आधी लागली, आयआयएम नंतर आली.

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या सहकार्यातून तिने केस पद्धत उचलली. तिचे खरे बळ हेच. एखाद्या उद्योगापुढचा पेच आकडेवारीसह दहा-वीस पानांत मांडलेला असतो, निर्णय मात्र दिलेला नसतो. विद्यार्थी आदल्या रात्री एकट्याने वाचतो, मग गटात भांडतो, वर्गात कोणालाही उभे करून 'तुम्ही काय कराल?' असे विचारले जाते. या बोलण्याला गुण असतात.

केस नुसती वाटून हे साधत नाही. मुले न वाचता आली की शिक्षक स्वतःच केस सांगू लागतात आणि तासाचे व्याख्यान होते. बोलण्याला गुण नसतील तर वाचून येणार कोण? त्यात केस परक्या देशातली असली की मुलांना आकड्यांचा अंदाजच येत नाही.

इथल्या महाविद्यालयांनी टॉवेल कारखान्याची केस लिहावी. निर्यातीची ऑर्डर ठरल्या भावाने घेतली आणि माल निघण्याआधी सूत महागले, तर? सुताची बिले, रंगाईचा खर्च, घट, मजुरी, वीजबिल, डॉलरचा दर हे सगळे द्यावे. मालकाची लेखी परवानगी घ्यावी, हवे तर नाव बदलावे. पुढे काय झाले ते मात्र शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत सांगू नये. ते आधी कळले की चर्चा संपते.

आयआयएमचे पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई पद सोडल्यावर प्राध्यापक म्हणून तिथेच राहिले आणि पुढे राजस्थानातल्या जवाजात विणकर व चर्मकारांबरोबर काम करू लागले. आपल्याकडे तर विणकर महाविद्यालयाच्या दारातच आहेत. एका विषयात सत्राला दोन केस आणि चर्चेला वीस टक्के गुण, एवढ्यावर यंदाच सुरुवात करता येईल.

— एक वाचक, सोलापूर